झोपेचा पत्ता

"आ करा. अजून मोठा. हां, असंच ठेवा."

ड्रिल सुरू झालं आणि खुर्चीतल्या ग्रंथपाल बाईंचं बोलणं नाइलाजाने थांबलं. या बाई वाचनालयात दिवसभर लोकांना गप्प बसवत आणि तिथे साठलेलं सगळं बोलणं दाताच्या दवाखान्यात आणून ओतत. डॉक्टरांनी दाढेतली कीड कोरून काढली, कापूस बदलला आणि म्हणाले, "चूळ भरा."

बाईंनी चूळ भरली, ओठ टिपले आणि तोंड मोकळं झाल्याबरोबर म्हणाल्या, "काल तुमच्या मॅडम दिसल्या हो. विमानतळाच्या मागे ती बैठ्या घरांची गल्ली आहे ना, तिथे. मी हाक मारली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. एका घरात शिरल्या. कोणी नातेवाईक आहेत का तिकडे?"

"आहेत," डॉक्टर म्हणाले. "आ करा."

तिकडे त्यांचं कोणीही नव्हतं. आणि काल दुपारी बायको कंपनीच्या प्रशिक्षणाला गेली होती. निदान जाताना तसं सांगून गेली होती.

डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती त्यांच्या मनात मुक्कामालाच असे. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की माणूस तोंड उघडतो तो आधी खोटं बोलायला. 'दोन वेळा घासतो, डॉक्टर.' 'गोड तर मी खातच नाही.' 'सिगारेट? छे, कधीच सोडली.' दात मात्र निमूटपणे खरं सांगून टाकत. डॉक्टर पेशंटचं ऐकून मान डोलवत आणि विश्वास दातांवर ठेवत. पुढे पुढे ही सवय दवाखान्याचा उंबरा ओलांडून घरात आली. उंबरा तसा लांब नव्हताच. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे घर, मध्ये एक दार. दूधवाला दुधात पाणी घालतो, शेजाऱ्याने मीटरमध्ये काहीतरी करून ठेवलंय, कॉलेजातली लेक 'मैत्रिणीकडे जाते' म्हणते तेव्हा भलतीकडेच जाते, हे सगळं ते गृहीत धरूनच चालत. बायकोवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. खरं तर तेवढी सवडच मिळाली नव्हती. ती घरी असायची कुठे?

ती विमान चालवायची. कॅप्टन होती. लग्नात लोकांना याचं भारी कौतुक. "एक वर उडणार, एक खाली खोदणार," असं कोणीतरी म्हणालं होतं आणि मांडवभर हशा झाला होता. नंतर कौतुक विरलं आणि वेळापत्रक उरलं. आज पहाटे जायचं, उद्या संध्याकाळी, परवा भलत्याच गावात मुक्काम, तेरवा सकाळी परत. ती सकाळी यायची, गणवेश खुर्चीवर टाकायची, पडदे ओढून आडवी व्हायची. आणि तेवढ्यात दवाखाना उघडायचा. बेल वाजायची. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी पेशंटला हाका मारायच्या. लहान मुलं सुई बघूनच गळा काढायची. आणि मग ड्रिल.

सुरुवातीला ती म्हणायची, "सकाळचा दवाखाना जरा उशिरा उघडत जा ना."

डॉक्टर म्हणाले होते, "दुखऱ्या दाढेला तुझं वेळापत्रक कळत नाही गं."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पुढे दोन-चार जणांना ऐकवलं. मग तिने म्हणणं सोडलं. तिला सवय झाली असं डॉक्टर धरून चालले. माणूस बोलायचा थांबला की त्याला सवय झाली असं समजायची रीतच आहे.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत वैमानिकांच्या विश्रांतीचा वाद रंगला होता. दोन उड्डाणांच्या मध्ये किती विश्रांती हवी, हा प्रश्न. वैमानिक म्हणत होते, नियम जुना आहे, आम्ही अर्धवट झोपेत विमानं उतरवतो. कंपन्या म्हणत होत्या, नियम बदलला तर उड्डाणं रद्द होतील, तिकिटं महागतील, प्रवाशांचे हाल होतील. सरकारने एक समिती नेमली होती आणि तिच्यापुढे सुनावण्या व्हायच्या होत्या. डॉक्टरांच्या दवाखान्यातही बाकावर सुनावणी चालूच होती.

"एवढा पगार, राहायला हॉटेल, आणि वर म्हणे झोप होत नाही," गाल सुजलेला एक कंत्राटदार पेपर आपटून म्हणाला. "विमान हे चालवतात कुठे? बटण दाबलं की ते आपलं आपण जातं!"

मावशींनी त्याला डोळे मोठे करून दाखवले आणि मानेने आतल्या दाराकडे खूण केली. डॉक्टर नुसते हसले. ते गप्प बसले याचं कारण सभ्यपणा नव्हता. त्यांनाही थोडंफार तसंच वाटत होतं.

आता ग्रंथपाल बाईंची दाढ भरून झाली, त्या गेल्या, आणि डॉक्टरांचं मन एकेक जुनी गोष्ट बाहेर काढू लागलं. हल्ली बायकोला एका माणसाचे फोन येत. आवाज इतका खर्जातला की फोन तिच्या कानाला असला तरी खोलीभर घुमे. डॉक्टरांनी त्याचं नाव मनातल्या मनात 'भोंगा' ठेवलं होतं. तो वैमानिकांच्या संघटनेतला कॅप्टन आहे, असं ती सांगायची. एकदा डॉक्टरांनी त्याचे शब्द ऐकले होते: "तुम्ही मागे हटू नका. सगळं तुमच्यावर आहे." आणि ती हळू आवाजात म्हणाली होती, "मला अजून थोडा वेळ द्या. घरी काही माहीत नाहीये."

घरी काही माहीत नाहीये! तेव्हा डॉक्टरांनी ते कानाआड केलं होतं. आता ते कानात येऊन बसलं.

दोन दिवसांनी ती दुपारी बाहेर गेली आणि संध्याकाळी परत आली. डॉक्टर मुद्दामच बाहेरच्या खोलीत रेंगाळत होते.

"कुठे गेली होतीस?"

"ऑफिसात काम होतं."

"झालं?"

"हो. का?"

"नाही, सहज."

ती दिव्याखालून पुढे गेली आणि डॉक्टरांना तिचा उजवा गाल दिसला. माणसाचा चेहरा वीतभर अंतरावरून बघायची त्यांना सवय होती. गालावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी उमटली होती. उशीच्या कापडाची. जाड विणीच्या, खरखरीत कापडाची. घरातले सगळे अभ्रे गुळगुळीत होते, डॉक्टरांनी स्वतः निवडून आणलेले. म्हणजे ही उशी दुसऱ्या घरातली होती.

डॉक्टर रात्रभर तळमळले. बाजूला ती दात खात होती. झोपेत दात खायची खोड तिला अलीकडे लागली होती. पेशंट असती तर त्यांनी सांगितलं असतं, मनावर कसला तरी ताण आहे. आता त्यांना वाटलं, ताण असणारच. मनात चोर बसला की माणूस दात खाणारच.

त्याच आठवड्यात डॉक्टरांना एक फोन आला. बोलणारा इतका गोड बोलत होता की त्याचे दात तपासावेत असं डॉक्टरांना वाटून गेलं.

"डॉक्टरसाहेब, मी मॅडमच्या कंपनीतून बोलतोय. कुटुंब कल्याण विभाग. वैमानिकांच्या घरच्यांची काही अडचण नाही ना, एवढंच विचारायचं होतं."

"अडचण कसली?"

"मॅडमना घरी नीट विश्रांती मिळते ना? घरचं वातावरण शांत आहे ना?"

एरवी डॉक्टरांनी अशा फोनला हाड म्हटलं असतं. फुकट चौकशी करणाऱ्याचा काहीतरी डाव असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! पण त्या दिवशी त्यांचा संशय एकाच दिशेला तोंड करून बसला होता, आणि पाठीमागून आलेला डाव त्यांना दिसला नाही.

"घरी विश्रांती?" ते म्हणाले. "ती घरी असते कुठे! सुट्टीच्या दुपारीही बाहेरच असते. कुठे असते ते तुम्हीच मला सांगा."

"असं का," गोड आवाज आणखी गोड झाला. "आभारी आहे, साहेब. काळजी घ्या."

पुढच्या वेळी ती 'जरा काम आहे' म्हणून निघाली तेव्हा खुर्चीत एक पेशंट अर्ध्या रूट कॅनालवर होता. डॉक्टरांनी घाईघाईने तात्पुरतं सिमेंट भरलं, "बाकीचं पुढच्या वेळी" म्हणून त्याला उठवलं आणि कोपऱ्यावरून टॅक्सी पकडली.

"त्या निळ्या गाडीच्या मागे घ्या. फार जवळ नको."

टॅक्सीवाल्याने आरशात पाहिलं. "पोलीस आहात का साहेब?"

"नाही. दाताचा डॉक्टर."

"मग ठीक आहे," टॅक्सीवाला म्हणाला. काय ठीक आहे ते दोघांनाही कळलं नाही.

निळी गाडी गोदामांच्या रस्त्याने विमानतळाच्या मागे गेली. धावपट्टीच्या कुंपणाला लागून एक गल्ली होती. पत्र्याच्या छपरांची बैठी घरं, दाराशी कुंड्या, दोरीवर कपडे. तिने गाडी लावली आणि तिसऱ्या-चौथ्या घरात शिरली. दार लोटलेलंच होतं, म्हणजे तिला ते घर सवयीचं होतं. डॉक्टर कोपऱ्यावर उभे राहिले. आत्ता जावं की जरा थांबून? लगेच गेलो तर काही सापडणार नाही, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. बराच वेळ काढून मग ते तरातरा गेले आणि दार ढकललं.

आत एक मोठं टेबल होतं. त्यावर इस्त्री, शेजारी पाण्याचा फवारा, आणि भिंतीभर हँगरला लावलेले पांढरेशुभ्र शर्ट. टेबलामागे जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक वयस्कर बाई एक कॉलर ताणून धरत होती.

"कुठे आहे ती?" डॉक्टर ओरडले. "आणि तो कुठे आहे? बोलवा बाहेर दोघांना!"

बाईने इस्त्री उभी केली. डॉक्टरांच्या ओठांकडे लक्ष देऊन पाहिलं.

"ओरडू नका," ती म्हणाली. "मी बहिरी आहे. ती नाही."

बाईने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. पांढरा कोट घाईत अंगावरच राहिला होता, आणि बाहीवर सिमेंटचा डाग होता.

"दातांचे डॉक्टर ना? तिचे मालक?" ती म्हणाली. "या. पण जोडे काढा, आणि तोंड मिटा."

आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी निमूट तोंड मिटलं. इस्त्रीवाल्या काकूंनी आतल्या खोलीचा पडदा बोटभर सरकवला.

लोखंडी खाट होती, खिडकी होती, एक स्टूल होतं. खाटेवर ती झोपली होती. एकटीच. बूट खाटेखाली एकमेकांना चिकटून ठेवलेले, घड्याळ काढून स्टुलावर, आणि गाल जाड विणीच्या खरखरीत उशीवर. इतक्यात धावपट्टीवरून एक विमान उठलं. पत्रे थरथरले, खिडकीची तावदानं खडखडली, भिंतीवरचे हँगर एकमेकांवर आपटले. डॉक्टरांनी कानांवर हात दाबून धरले. ती हललीसुद्धा नाही. तोंड किंचित उघडं पडलं होतं. दिवसभर उघडी तोंडं बघणाऱ्या डॉक्टरांनी हे तोंड असं सैल, असं निश्चिंत उघडलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

काकूंनी पडदा सोडला. बाहेर येऊन त्या इस्त्रीला लागल्या आणि हात चालवता चालवता बोलू लागल्या. बहिऱ्या माणसाचा आवाज जसा मध्येच चढतो, मध्येच उतरतो, तसा त्यांचा आवाज होता. त्या पूर्वी विमानतळाच्या धुलाई खात्यात कामाला होत्या. सगळा जन्म धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये गेला, तिथल्या गलक्यात कान गेले. वैमानिकांचे शर्ट अजूनही घरी येतात. ही शर्ट न्यायला आली होती, "दोन मिनिटं बसते" म्हणाली आणि बसल्या जागी झोपली. "मी उठवलं नाही. मग परत आली. म्हणाली, काकू, ती खोली मला द्या. मी म्हटलं, बाई, एवढ्या आवाजात? ती म्हणाली, इथे मला कोणी हाक मारत नाही."

डॉक्टर आत गेले, स्टुलावरचं घड्याळ हातात घेतलं आणि तिथे बसले. किती वेळ बसले त्यांना कळलं नाही. ऊन खिडकीतून खाटेवर आणि खाटेवरून जमिनीवर आलं, तेव्हा ती जागी झाली. त्यांना पाहून दचकली नाही. नुसती उठून बसली.

"कोणी सांगितलं?"

"एका दाढेने."

ती हसली नाही. "तुला काय वाटलं होतं?"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं.

"अच्छा," ती म्हणाली. "भोंग्याबरोबर?"

डॉक्टर चपापले. हे नाव त्यांनी कधी मोठ्याने घेतलं नव्हतं.

"तू झोपेत बडबडतोस," ती म्हणाली. "मी जागीच असते ना."

वरून आणखी एक विमान गेलं. ते जाईपर्यंत दोघांनाही थांबावं लागलं.

"या आवाजात झोप लागते तुला?"

"हा आवाज चालू असेल तर सगळं ठीक असतं. हा थांबला तरच भ्यायचं. बेल वाजली की मात्र मी ताडकन उठून बसते. आणि तुझं ड्रिल सुरू झालं की झोपेत वाटतं, इंजिनात काहीतरी गेलं."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की. दुखऱ्या दाढेला वेळापत्रक कळत नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. तिने बूट पुढे ओढले, पण घातले नाहीत. मग ती बोलली, बुटांकडे बघतच.

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. सलग दुसऱ्या रात्रीचं उड्डाण. उजाडलं, समोरून ऊन आलं, काचेवर, गालावर. ऊबदार. तिने डोळे मिटले ते फक्त उजेडासाठी. उघडले तेव्हा कानात कोणीतरी त्यांच्या विमानाचा क्रमांक घेऊन हाका मारत होतं, आणि त्या आवाजावरून कळत होतं की तो बराच वेळ हाका मारतोय. तिने शेजारी पाहिलं. सहवैमानिकाची मान खांद्यावर पडली होती. तोही झोपला होता.

"दोघंही?"

"दोघंही. विमान आपलं आपण चाललं होतं. मागे लोक नाश्ता करत होते." ती थांबली. "आम्ही किती वेळ झोपलो होतो ते मला माहीत नाही. तेच वाईट आहे. तेव्हापासून घरीसुद्धा डोळा लागला की मी घाबरून उठते, की शेजारी कोण जागं आहे."

सोमवारी सुनावणी होती. संघटनेचा तो कॅप्टन तिच्या मागे लागला होता, की हे समितीपुढे सांगा. आकडे सगळेच सांगतात, घडलेलं कोणी सांगत नाही. सांगितलं तर तिच्यावर चौकशी बसणार हे उघड होतं.

"सांगणार आहेस?"

"ठरवत होते. म्हणून घरी बोलले नाही. तू आधी माझीच उलटतपासणी घेतली असतीस."

आता कंपनीच्या फोनचं सांगायला हवं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले. डॉक्टरांनी गिळले. आत्ता नको, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. घरी गेल्यावर, निवांत. मग घरी गेल्यावर लेक समोर होती. मग रविवार होता.

सोमवारी सुनावणीच्या सभागृहात ते मागच्या रांगेत बसले. पुढे उंच टेबलामागे समिती, मध्ये एक निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला कंपन्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला संघटनेची माणसं. भोंगा प्रत्यक्षात बुटका, टकला आणि आजोबा शोभेल असा निघाला. तिने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ती उभी राहिली आणि सरळ, साध्या आवाजात सांगू लागली. रात्रीची उड्डाणं, सकाळचं घरी येणं, विश्रांतीत धरला जाणारा प्रवास, आंघोळ, जेवण. मग ऊन. मग मिटलेले डोळे.

"मी झोपले होते," ती म्हणाली. "विमान हवेत असताना."

सभागृहात चुळबूळ झाली. कंपनीचे वकील उठले. त्यांनी चष्मा पुसला.

"कॅप्टन, आपल्या प्रामाणिकपणाचा आदर आहे. नियमाने मिळालेली विश्रांती आपण घरी घेत होता ना?"

"घ्यायचा प्रयत्न करत होते."

"आपल्या यजमानांनी आमच्या कल्याण विभागाला सांगितलंय की आपण घरी नसताच. दुपारच्या दुपार बाहेर असता आणि कुठे असता हे त्यांनाही माहीत नाही. मग दोष नियमाचा, की विश्रांती वाया घालवणाऱ्याचा?"

ती वळली नाही. फक्त तिची मान ताठ झाली. डॉक्टरांना तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्यांना वाटलं, दिसत नाही तेच बरं. ते उभे राहिले. उभे राहायची परवानगी नव्हती.

"मी तो नवरा," ते म्हणाले. "मी बोललो ते खरं आहे, पण अर्धं आहे. ती घरी नसते, कारण घरी माझा दवाखाना आहे. मी दात कोरतो, आणि भिंतीपलीकडे ती झोपायचा प्रयत्न करते. तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. झोपायला ती धावपट्टीच्या कुंपणाशी जाते. विमानांच्या आवाजात तिला झोप लागते, माझ्या घरात नाही. बाहेर कुठे जाते याचा मी भलताच अर्थ लावला. तो माझा दोष. तिचा नाही."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी बसायची खूण केली, पण हे नोंदवून घ्या असंही लेखनिकाला सांगितलं.

वकिलांनी तेवढ्यावर सोडलं नाही. "असू दे. एक शेवटचं. आपण झोपला होतात तेव्हा आपले सहवैमानिक जागे होते ना?"

भोंगा पुढे सरकून बसला. याच प्रश्नासाठी त्याने इतके फोन केले होते. दोघंही झोपली होती, एवढं एक वाक्य आलं की सगळे आकडे फिके पडणार होते. सहवैमानिक नुकता नोकरीला लागलेला होता, त्याला तान्हं मूल होतं, हे तिने डॉक्टरांना रविवारी सांगितलं होतं.

"जागे होते," ती म्हणाली.

"म्हणजे विमान एका क्षणासाठीही बेवारस नव्हतं?"

"नव्हतं."

"मग धोका नव्हता. आभारी आहे."

भोंग्याने कपाळावर हात ठेवला. डॉक्टर मागच्या रांगेत गोठल्यासारखे बसून राहिले. एवढी वर्षं त्यांनी लोकांची खोटी बोलणी पकडली होती. चुकवण्यासाठी, वाचण्यासाठी, मोठेपणासाठी बोललेली. हे खोटं त्यांना लख्ख ऐकू आलं. यात तिचा काडीचा फायदा नव्हता. उलट ज्यासाठी ती उभी राहिली होती तेच त्याने पडणार होतं, आणि स्वतःवरचा आळ मात्र तसाच राहणार होता. खरं काय ते भोंग्याखेरीज या सभागृहात आणखी एकाच माणसाला माहीत होतं. त्या माणसाने या वेळी तोंड उघडलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ती पाणी पीत उभी होती. डॉक्टर जवळ गेले.

"मी सांगणार होतो तुला. त्या फोनचं."

"कधी?"

डॉक्टरांनी खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला.

"तू मला मनातलं सरळ विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "मला न विचारता त्यांना सांगितलंस." आवाजात राग नव्हता. रागावायलाही थोडी ताकद लागते. "मी काही दिवस काकूंकडे राहते. लेकीला मी सांगेन."

"अगं, पण..."

"मला झोपायचंय रे."

नियम पुढे बदलला. विश्रांती थोडी वाढली, आणि तो लागू करायला कंपन्यांना भरपूर मुदत मिळाली. अहवालात तिच्या साक्षीला एक ओळ होती: 'या प्रसंगी प्रत्यक्ष धोका आढळून आला नाही.' तिची चौकशी चालूच राहिली, आणि ती पुरी होईपर्यंत तिला विमान मिळणार नव्हतं. सहवैमानिक उडत राहिला. दवाखान्याच्या बाकावर त्या कंत्राटदाराने विषय काढला, तेव्हा डॉक्टर त्याला म्हणाले, "आ करा," आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ त्याला तसंच ठेवलं. सकाळचा दवाखाना त्यांनी बंद केला. सकाळी घरात आता कोणी झोपणारं नव्हतं, तरी केला. मावशींनी कारण विचारलं नाही.

लेक शनिवारी-शनिवारी आईकडे जाऊन येई. आई काय म्हणते, असं डॉक्टर विचारत. "झोपते," लेक सांगे, आणि मग जरा थांबून, "कधी कधी कुंपणापाशी उभी असते."

एका रविवारी डॉक्टरांनी सूप केलं. आयुष्यात पहिल्यांदाच, पुस्तकात बघून. थोडं खारट झालं होतं. ते डब्यात भरून ते विमानतळामागच्या गल्लीत गेले.

दार आज आतून लावलेलं होतं. त्यांनी बेलचं बटण शोधलं. चौकटीच्या डावीकडे, उजवीकडे, वरती. बेल नव्हतीच. बहिऱ्या बाईच्या घरी बेल कशाला असेल? दार ठोठावलं असतं तर काकूंना ऐकू गेलं नसतं, तिला मात्र गेलं असतं. बाजूच्या खिडकीतून काकूंची पाठ दिसत होती. त्या खाली मान घालून इस्त्री करत होत्या.

शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली. "जोरात वाजवा की दार, आत आहेत त्या."

"असू दे," डॉक्टर म्हणाले. "बघतील इकडे."

आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. तो कोणत्या कारणाने ओढलाय, आत कोण आहे, जागं आहे की झोपलेलं, हे तिथून कळायला काही मार्ग नव्हता. डॉक्टरांनी डबा या हातातून त्या हातात घेतला, खिडकीसमोर, काकूंनी मान वर केली तर दिसेल अशा जागी, उन्हात उभे राहिले, आणि कोणाचं तरी लक्ष जाण्याची वाट बघू लागले.